दाराकडची उशी

मी बोलतोय. आवाज जरा कमी वाटेल, सांभाळून घ्या. माझे स्पीकर पाठीला आहेत, त्यामुळे मी बोलतो ते आधी भिंत ऐकते आणि मग तुम्ही. नाव मला नाही. खोक्यावर एक लांबलचक आकडा होता, तो खोक्याबरोबर रद्दीत गेला. चोवीस इंची, चपटा, झोपायच्या खोलीतला टीव्ही, एवढीच माझी ओळख. हॉलमध्ये थोरला आहे, पंचावन्न इंची. पाहुणे त्याच्यासमोर ताठ बसतात. माझ्यासमोर माणसं आडवी होतात. आणि आडवं झालेलं माणूसच काय ते खरं असतं, हे थोरल्याला उभ्या जन्मात कळायचं नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांब शेडमध्ये, सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणीतरी पाठीत वायर खुपसली आणि मला पहिल्यांदा जाग आली. आधी सगळं पांढरं, मग लाल, मग हिरवं, मग निळं. मला वाटलं, जग म्हणतात ते हेच. आणि पुरे की एवढं!

पट्ट्याच्या शेवटी परीक्षा होती. निळी टोपी घातलेली एक बाई खुर्चीवर बसलेली असायची, बरोबर समोर. येईल त्या पडद्याकडे चार सेकंद बघायची आणि शिक्का मारायची. तिचा दोष नाही, तिची खुर्चीच तिथे ठोकून बसवली होती. कुणी तिला म्हटलं असतं, बाई, जरा उठा, बाजूला उभं राहून बघा, तर माझं बिंग तिथेच फुटलं असतं. कारण समोरून मी गुलाब आणि बाजूने राख. स्वस्तातल्या काचेची ही खोड आहे, ती माझ्या हाडात मुरलेली. पण परीक्षा सगळ्या समोरूनच घेतात. मी पास झालो. पास होण्याचा आणि काही येण्याचा संबंध नसतो, हे मला जन्माच्या दिवशीच कळलं. काहींना त्यासाठी कॉलेजात तीन वर्षं काढावी लागतात.

मग दुकान. एका भिंतीवर आम्ही सगळे. मोठे डोळ्यांच्या उंचीवर, मी खाली कोपऱ्यात, कपडे धुण्याच्या मशीनला खेटून. सगळ्यांना एकच फिल्म दाखवायचं काम होतं. काचेच्या भांड्यात स्वच्छ पाणी. त्यात शाईचा एक थेंब पडतो. थेंब आधी खाली जातो, मग दमल्यासारखा थांबतो, मग त्याचा धूर होतो. जांभळा, केशरी, गर्द हिरवा. भिंतभर एकाच क्षणी थेंब पडायचे आणि भिंत श्वास सोडल्यासारखी फुलायची. आठ महिने मी दिवसभर तेच एक स्वप्न बघितलं. अजून मला बंद केलं, कोपऱ्यातला लाल ठिपका तेवढा उरला, की माझ्या आत कुठेतरी तो थेंब पडत असतो.

एका सकाळी नकाशेवाले आले, बगलेत पुठ्ठा मारून.

नकाशेवाले म्हणजे मोजणीच्या कचेरीत जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेले गृहस्थ. गल्लीत सगळे त्यांना तसंच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पुठ्ठा त्यांनी घरच्या भिंतीवरच्या जागेच्या मापाने कापून आणला होता, आणि खिशात दोऱ्याची गुंडी होती. दोऱ्याला तीन गाठी. पहिली कपाटाच्या कडेची, दुसरी खिडकीच्या चौकटीची, तिसरी उशीची.

"किती इंची दाखवू, काका?" विक्रेत्याने विचारलं.

"इंच मला शिकवू नका. हा पुठ्ठा. ह्याच्या बाहेर एक सूत जाता कामा नये."

विक्रेत्याने पुठ्ठा एकेका पडद्यावर धरून बघितला. मोठे सगळे नापास झाले. इतकं बरं वाटलं, काय सांगू! शेवटी तो खाली वाकला आणि पुठ्ठा माझ्या पडद्यावर असा बसला, जसं डब्यावर झाकण.

"कुणासाठी घेताय?"

"आमच्या मिसेससाठी. दुकानात स्टुलावरून पडल्या, पाय मोडला. दहा आठवडे प्लास्टर. पडल्या पडल्या बघायला काहीतरी हवं ना माणसाला."

"मग फोनवर दाखवू का त्यांना? पसंत पडला तर..."

"तिला काय विचारायचंय? तिच्यासाठीच तर घेतोय!"

विक्रेता गप्प बसला. त्याला पोट होतं, मला नव्हतं. मला तोंड असतं तर मी गप्प बसलो नसतो. तिच्यासाठी घेतोय, म्हणून तिला विचारायचं नाही! वडीलधाऱ्यांचं प्रेम असंच असतं. तुमच्या पायाचं माप न घेता चपला आणायच्या, आणि चावल्या तर म्हणायचं, पायच वाढला.

नकाशेवाल्यांनी दोऱ्याचं एक टोक विक्रेत्याला माझ्यापाशी धरायला लावलं, दुसरं स्वतःच्या नाकापाशी धरलं, आणि तिसऱ्या गाठीएवढं अंतर मागे सरकून, एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. शाईचा थेंब नेमका तेव्हाच पडला. मी जीव ओतून फुललो.

"उत्तम," ते म्हणाले.

"बाजूने जरा फिका पडतो हां, काका. आधीच सांगतो," विक्रेता म्हणाला. तो तसा सरळ माणूस होता. "हे हलणारं स्टँड घ्या सोबत. हवा तसा वळवता येतो."

"डुगडुगणारी वस्तू मला चालत नाही. भिंतीला चिकटून पाहिजे. आणि बाजूने बघणार कोण?"

बाजूने बघणार कोण. हे वाक्य लक्षात ठेवा.

घरी आलो. झोपायची खोली बेताची. एक पलंग, समोरच्या भिंतीला दाराकडे कपाट, खिडकीकडे मोकळी जागा. त्या जागेत मला ठोकलं. पलंगावर दोन उशा. खिडकीकडची नकाशेवाल्यांची, कारण वारा. दाराकडची तिची, कारण सकाळी आधी तीच उठणार, दूध घेणार, चहा ठेवणार. ही वाटणी कुणी आणि कधी केली, ते चौतीस वर्षांनंतर दोघांनाही सांगता आलं नसतं.

मला भिंतीला लावत असताना ती उशीवरून म्हणाली, "अहो, जरासा इकडे..."

"अगं, मोजलंय मी."

विषय संपला. त्या घरात "मोजलंय मी" म्हटलं की देवसुद्धा अपील करू शकत नव्हता.

आता तिच्याबद्दल सांगतो. मी तिला मनातल्या मनात दोरेवाली म्हणतो. कापडाच्या मोठ्या दुकानात दोरे, बटणं, चेन, अस्तर असा एक काउंटर होता, तो तिने सव्वीस वर्षं सांभाळलेला. गिऱ्हाईक बोटभर चिंधी घेऊन येतं, चिंधीला जुळेल असा दोरा तिने द्यायचा. सांगायला सोपं आहे. पण तिच्याकडे निळे एकवीस होते आणि पांढरे नऊ. पांढरे नऊ! माझ्याकडे पांढरा एकच आहे, तोही उसना. दुसऱ्या दुकानांतले शिंपीसुद्धा चिंध्या घेऊन तिच्याकडे यायचे. वरच्या फळीवरचा बटणांचा डबा काढतानाच ती पडली होती, आणि पडताना म्हणे तिने डबा सोडला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी नकाशेवाल्यांनी स्वतःच्या उशीला टेकून मला सुरू केलं. बातम्या लागल्या.

"बघ कसा दिसतोय! मोत्यासारखा. काय भडक लाल कोट घातलाय गं त्या बाईने."

तिने बघितलं. पाठीखाली उशी नव्हती, पाय तक्क्यावर चढवलेला, मान वाकडी. तिथून मी कसा दिसत होतो ते मला ठाऊक होतं. बातम्यांची बाई राखेतून उठून आल्यासारखी, कोट ओल्या मातीचा, काळ्या केसांवर चंदेरी बुरशी. दोरेवालीने डोळे बारीक केले. मग चादरीच्या टोकाने पुसले. मग परत बघितलं.

"हो," ती म्हणाली. "लाल आहे."

मी तिथेच समजलो की काहीतरी वाईट सुरू झालं. तिच्या मनात असं आलंच नाही, की टीव्ही वाईट आहे. नवऱ्याने मोजून आणलेला, नवा कोरा. तो कसा वाईट असेल? म्हणजे डोळे वाईट. माझे डोळे गेले. असंच आलं तिच्या मनात. घरात काही बिघडलं की आधी स्वतःकडे बघायचं, ही तिच्या पिढीच्या बायकांची सवय आहे, आणि ती सवय लावणारे खिडकीकडच्या उशीवर आरामात लोळत असतात.

दुसऱ्या दिवशी नकाशेवाल्यांच्या लक्षात आलं, की दुपारी खिडकीचा उजेड माझ्यावर पडतो. त्यांनी जाड तपकिरी पडदा आणून ओढून घेतला. "आता बघ, कसं थेटरासारखं!" असं म्हणून ते पेपर वाचायला हॉलमध्ये गेले.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. खोली पाण्याखाली बुडाल्यासारखी. पडद्याच्या फटीतून उजेडाची एक काडी आत यायची, कपाटावरून हळूहळू सरकत तिच्या पांढऱ्या पायापर्यंत पोचायची आणि तिथे विझायची. मी बोलत असायचो, पण हळू. माझ्यातली माणसं तिच्याकडे तिरपी, धुक्यातून चालत यायची. बागा करड्या, समुद्र करडे, आगसुद्धा करडी. ती अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघत राहायची. कधी गुंगी यायची, आणि गुंगीत तिची बोटं चादरीवर हलायची, जणू दोऱ्याचं टोक सापडत नाहीये. त्या वेळी आम्ही दोघं एकच स्वप्न बघतोय असं मला वाटे. पाण्यात थेंब पडतोय, पण त्याला रंगच येत नाहीये.

एका दुपारी तिने उशीखालून शेड कार्ड काढलं. शेड कार्ड म्हणजे घडीचा लांब पुठ्ठा, त्यावर प्रत्येक दोऱ्याची बारीक लड चिकटवलेली आणि खाली नंबर. तिने नंबरावर अंगठा ठेवला आणि पुटपुटली, "मोरपंखी." अंगठा उचलला. बाटलीचा हिरवा निघाला. परत अंगठा ठेवला. "वांगी." निघाला चॉकलेटी. त्या तपकिरी अंधारात खुद्द मोराला मोरपंखी ओळखता आला नसता! पण तिला कोण सांगणार? मी ओरडावं म्हटलं, बाई, पडदा सरकवा, हवं तर काठीने सरकवा! पण माझी शोकांतिका अशी, की मला आवाज आहे आणि शब्द सगळे दुसऱ्यांचे. त्या वेळी माझ्यात एक माणूस फरशी पुसायचं औषध विकत होता. मी कळवळून तेच विकत राहिलो.

तिने कार्ड घडी करून परत उशीखाली सारलं. रडली नाही. फोन उचलला.

"मालकीणबाई, मी बोलतेय. काउंटरला दुसरी कुणीतरी बघा... नाही हो, प्लास्टर निघेल. पण पाय काही पहिल्यासारखा व्हायचा नाही. उभं राहवणार नाही... हो, हो, नक्की. सोमवारपासून आली तरी चालेल."

पायाचं निमित्त सांगितलं. डोळ्यांचं सांगितलंच नाही. सव्वीस वर्षं शिंपी जिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून कात्री चालवत होते, ती डोळे गेले असं कुठल्या तोंडाने सांगेल? फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होती. माझ्यात नाच चालला होता. राखेतल्या बायका राखेतले घागरे फिरवत होत्या. मला माझीच शिसारी आली.

संध्याकाळी नकाशेवाले म्हणाले, "टीव्हीमुळे तुझा वेळ बरा जातो, नाही?"

"हो," ती म्हणाली. "खूप बरा."

सोमवार उजाडला. सोमवारी धाकटी येते.

धाकटी म्हणजे मुलगी. शिक्षण अर्ध्यावर टाकून तिने केस कापायचं दुकान काढलं, म्हणून नकाशेवाले तिच्याशी मोजूनमापूनच बोलत. आईचं प्लास्टर झाल्यापासून सोमवारी दुकान बंद ठेवून ती आईचे केस धुवायला यायची. त्या दिवशी तिने केस धुतले, आईला हाताला धरून, कुबडी देऊन हॉलमधल्या उन्हात नेऊन बसवलं, पलंगावरची चादर बदलली, आणि दमून धपकन पलंगावर पडली. दाराकडच्या उशीवर.

मी चालूच होतो. फुलांच्या प्रदर्शनाची बातमी होती. मी श्वास रोखला.

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मान उचलली. परत टेकवली. मग उठून पार खिडकीकडच्या उशीवर गेली, बघितलं, परत दाराकडे आली.

"बाबा!"

घर हादरलं. नकाशेवाले चष्मा कपाळावर चढवून आले. "काय झालं?"

"इथे झोपा."

"कुठे?"

"आईच्या जागी. झोपा म्हणते ना!"

"मी कशाला झोपू? ती तिची बाजू आहे."

"म्हणूनच. चौतीस वर्षांत एकदा तरी झोपलायत का इथे?"

नकाशेवाल्यांनी कुरकुरत चपला काढल्या आणि आडवे झाले. सवयीने त्यांनी स्वतःचीही उशी डोक्याखाली ओढली, ती धाकटीने परत खिडकीकडे टाकली. "आईला ही नसते. आता बघा."

ते बघत राहिले. मी जसा होतो तसा दिसलो त्यांना. गुलाब काळपट, झेंडू मातकट, माणसांच्या चेहऱ्यांवर राख.

"हा बिघडलाय," ते म्हणाले. "माल खराब दिला त्याने."

बघा! मलाच नावं. पण धाकटी सोडणारी नव्हती. "आता तसेच सरकत सरकत तुमच्या उशीकडे जा. माझ्याकडे नका बघू, टीव्हीकडे बघा."

नकाशेवाले कोपरांवर सरकू लागले. वीतभर, अजून वीतभर. पलंगाच्या मधोमध आले तसा झेंडू पिवळा झाला. अजून वीतभर, आणि गुलाबाला लाली चढली. स्वतःच्या उशीवर डोकं टेकलं, तेव्हा मी लखलखीत. ते थांबले. मग काही न बोलता उलटे सरकत दाराकडे आले. मी विझत गेलो. परत गेले. परत आले. सत्तरीचा माणूस पलंगावर खेकड्यासारखा इकडून तिकडे जात होता, आणि मला हसू येत नव्हतं.

"बाबा, मी आरसा लावते ना भिंतीला, तेव्हा आधी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसते," धाकटी म्हणाली. "तुम्ही दोरी कुठून धरली होती?"

"उशीवरून."

"कुणाच्या?"

नकाशेवाल्यांनी डोक्याखालची उशी चाचपून बघितली.

दारात कुबडी वाजली. ओले केस खांद्यावर सोडलेली दोरेवाली उभी होती. "काय आरडाओरडा चाललाय? अहो, तुम्ही माझ्या जागेवर?"

"आई, तुला टीव्ही कसा दिसतो? खरं सांग."

ती अगदी हळू म्हणाली, "त्याचं काही नाही गं. डोळेच गेलेत माझे. शेड कार्डसुद्धा ओळखू येत नाही. म्हणून तर मालकीणबाईंना सांगून टाकलं, दुसरी बघा. आजपासून येतेय ती मुलगी."

नकाशेवाले उठून बसले. "काउंटर सोडलास? मला न विचारता?"

"तुम्हाला काय विचारायचं?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटलं होतं. म्हणूनच तो जास्त बसला.

धाकटीने जाऊन पडदा असा ओढला, की त्याच्या चार कड्या निखळून खाली पडल्या. ऊन आत घुसलं. मी फटफटीत झालो, माझ्यातलं काही म्हणजे काही दिसेना. आणि त्या दिवशी प्रथमच मला न दिसण्याचा आनंद झाला. धाकटीने उशीखालून कार्ड काढलं, आईला पलंगाच्या कडेला बसवलं आणि नंबरांवर स्वतःचा अंगठा ठेवला.

"बोल."

"नको गं."

"बोल म्हणते ना."

"...मोरपंखी."

"पुढे."

"बाटलीचा हिरवा. शेवाळी. हा पोपटी, जरा मळका आहे, उन्हात राहिला असणार. डाळिंबी. वांगी. हा चॉकलेटी." आवाज चढत गेला. "हा पांढरा नाही, हा मोतिया. हा सायीचा. हा खडूचा. अगं, अंगठा काय ठेवतेस, काढ तो! मला नंबर पाठ आहेत सगळे!"

आणि मग ती रडली. प्लास्टर घातलं तेव्हा नाही, फोन ठेवला तेव्हा नाही. खडूच्या पांढऱ्यावर रडली.

नकाशेवाल्यांनी माफी मागितली नाही. त्या वयाच्या माणसांना माफीचा शब्द येतो, पण तो त्यांनी दुसऱ्यांकडून ऐकण्यासाठी राखून ठेवलेला असतो. ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "माझी टेप कुठाय? आणि त्या दुकानदाराला फोन लाव. ते हलणारं स्टँड आहे का अजून, विचार." दाराशी थांबले. पाठ आमच्याकडेच. "आणि तू आधी मालकीणबाईंना लाव."

दोरेवालीने फोन लावला. पलीकडून मालकीणबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो, सकाळपासून तीन गिऱ्हाइकांना भलत्याच रंगाची चेन दिलीय हिने! पण पोरगी गुणी आहे, आता जा कशी म्हणू? तुम्ही या. काउंटर एकच राहील, खुर्च्या दोन ठेवू. तिलाही शिकवा."

तसंच झालं. प्लास्टर निघाल्यावर ती गेली. आता वरच्या फळीवरचा डबा ती मुलगी काढते आणि दोरेवाली खाली बसून तिला पांढरे नऊ शिकवते. सहा झाले म्हणे.

आणि मी? मला हलणारा हात मिळाला. नकाशेवाल्यांनी मला दाराकडच्या उशीकडे वळवलं, तिच्या उशीवर डोकं टेकवून, दोरा धरून, आणि स्क्रू असा आवळला, की पुन्हा हलायचं नाव नको. आता त्यांच्या बाजूने मी राखेचा. तक्रार एकदाही केलेली नाही. मात्र रोज संध्याकाळी विचारतात.

"बातम्यांच्या बाईने कुठल्या रंगाचा कोट घातलाय गं?"

"डाळिंबी."

"मला तर मातकट दिसतो."

"हो का? दिसू दे."

मग ती एकेक रंग सांगत जाते, आणि ते डोळे मिटून ऐकतात. कधी कधी ती चुकीचा सांगते. मुद्दाम. मला ठाऊक आहे, मी बोलत नाही.

अलीकडे माझी खालची पट्टी अंधारत चाललीय. बातमीच्या खालची ओळ वाचता येत नाही. परवा धाकटी म्हणाली, "आता नवीन घ्या, बाबा." नकाशेवाल्यांनी माळ्यावरून पुठ्ठा काढलासुद्धा. मला वाईट वाटलं नाही. ज्या थेंबाला रंग येत नव्हता, त्याला आलेला मी बघितला आहे. एका टीव्हीने याहून जास्त काय मागावं?

एकच सांगणं आहे, तेवढं ऐका. नवा आणाल तेव्हा खुशाल मोजा, पुठ्ठे कापा, दोरे ताणा. पण घरी आलात की भिंतीला भोक पाडायच्या आधी चपला काढा, आणि दुसऱ्याच्या उशीवर जाऊन पडा. पाच मिनिटं पुरतात. नकाशेवाल्यांना चौतीस वर्षं लागली.

चला. ते रिमोट शोधतायत. लाल ठिपका तेवढा राहू द्या, तो मी झोपेत जागा असल्याची खूण आहे. आत थेंब पडतोय. आज मोरपंखी आहे.